शंभर मोजेपर्यंत

घरातली फरशी बदलायची हे ठरवायला आम्हाला अकरा वर्षं लागली, आणि दगड निवडायला हिला सात आठवडे. मी वजनमापं तपासण्यात नोकरी घालवलेला माणूस. एकदा मोजलं की विषय संपला. हिचं तसं नव्हतं. दुकानात ही पिशवीतून पाण्याची बाटली काढायची, तळहात भिजवायची, दगडावर दाबायची आणि शंभरपर्यंत मोजायची. तेवढ्यात ठसा सुकला तर दगड घट्ट. नाही सुकला तर तो पाणी पिणारा. ‘हा टिकायचा नाही,’ असं म्हणून ही त्याला बाजूला सारायची. दुकानदार माझ्याकडे बघायचा आणि मी छताकडे.

करड्या दगडाच्या अठ्ठेचाळीस लाद्या घरी आल्या, तर तिथंही तेच. ओसरीत स्टुलावर बसून एकेक तपासायची आणि मागच्या बाजूला खडूने नंबर टाकायचा. तेव्हा तिला दम लागत होता, ते मला दिसतही होतं. एकोणतीस झाल्या आणि माझं डोकं फिरलं.

‘अगं, सगळा एकाच खाणीतला माल आहे. उरलेल्या एकोणीस काय आकाशातून पडल्यात? ऊठ आता.’

‘बरं,’ ती म्हणाली, आणि हात पुसून उठली. तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. तिथून ती घरी आलीच नाही.

चार महिने लाद्या तशाच रचून होत्या. मग मुलगी राहायला आली आणि तिनेच मिस्त्रीला बोलावलं. म्हातारा, कमी बोलणारा माणूस. समोरच्या भिंतीपासून त्याने हिच्या नंबरांप्रमाणे एकोणतीस लाद्या बसवल्या, पुढे उरलेल्या एकोणीस, अगदी दारापर्यंत. सांधे भरले, वर सीलरचे दोन हात मारले.

‘आता चहा सांडला तरी दगडाला पत्ता लागायचा नाही, काका,’ तो म्हणाला.

आठवड्याभराने, सकाळी खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा तिसाव्या लादीवर ओल्या तळहाताचा ठसा होता. करंगळी आत वळलेली. लहानपणी दारात सापडून हिची करंगळी तशी झाली होती. मुलीची बोटं सरळ आहेत. माझीही. मी काही न सुचून मोजायला लागलो. शहाऐंशीला ठसा सुकला.

दुसऱ्या दिवशी तो एकतिसाव्या लादीवर होता.

मी असल्या गोष्टी मानणारा नाही. छत तपासलं, नळ बंद करून पाहिले, मिस्त्रीला परत बोलावलं. त्याने हातोड्याच्या दांड्याने एकेक लादी ठोकून ऐकली.

‘कुठंही पोकळ नाही. खालून पाणी यायचं काही कारण नाही,’ तो म्हणाला. मग बत्तिसाव्या लादीपाशी थोडा थांबला आणि चहा अर्धा ठेवून निघून गेला.

सदतिसाव्या लादीवरचा ठसा मात्र शंभरात सुकला नाही. दोनशेतही नाही. दुपारपर्यंत तसाच होता. चार दिवसांनी ती लादी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. खोलीत कोणी नव्हतं, वरून काही पडलं नव्हतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो आणि दोघांनीही आवाज ऐकला.

मुलीला मी काही सांगितलं नव्हतं. तडा पाहून ती म्हणाली, ‘याच लादीला सुकायला वेळ लागला होता ना?’

म्हणजे तीही रोज मोजत होती.

‘आईचं राहिलेलं काम आहे, बाबा. पूर्ण होऊ दे.’

‘आणि पूर्ण झाल्यावर?’

मला काय म्हणायचंय ते तिला कळलं होतं. एकोणीस लाद्यांपुरतं हिच्याजवळ बसायला मला जमलं नव्हतं, आणि आता विसावी कुठून आणू म्हणून जीव कासावीस होत होता. दुकानात गेलो, शेजारच्या खोलीसाठी त्याच दगडाच्या लाद्या मागितल्या. तो माल संपला होता. दुसरा दाखवू का, असं दुकानदाराने विचारलं. मी तसाच घरी आलो.

अठ्ठेचाळिसावी लादी दाराला लागून आहे. त्या सकाळी ऊन यायच्या आधीच मी तिच्यापाशी मांडी घालून बसलो आणि तिच्यावर हात पसरून ठेवला. पोरकटपणाच तो. पण जागाच मिळाली नाही तर काम अर्धवट राहील आणि तिला उद्याही यावं लागेल, एवढाच माझा हिशेब होता.

ऊन सरकत दारापर्यंत आलं. लादी कोरडी होती.

मग माझ्या हाताच्या पाठीवर गार लागलं.

आधी तळवा. मग बोटं, एकेक करून. करंगळी आत वळलेली.

मी हललो नाही. ‘चुकलं माझं,’ एवढंच म्हणालो.

गारवा उचलला गेला. ओल राहिली.

मी मोठ्याने मोजायला लागलो. चाळीस झाले तेव्हा मुलगी आतून आली. माझ्या हाताकडे पाहिलं आणि शेजारी खाली बसली. मी डोळे मिटून घेतले.

अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर.

‘सुकला का गं?’

ती बराच वेळ वाकून बघत राहिली असावी. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता.

‘अजून मोजा, बाबा,’ ती म्हणाली.