वजिराचं प्यादं, दोन घरं

दुरुस्तीला टाकलेली खुर्ची न्यायला लोटन मास्तर भरदुपारी खांडबाऱ्यात निजाम सुताराच्या दुकानाशी आले. खुर्ची हे आपलं निमित्त. निजामला जाऊन चाळीस दिवस झाले होते, आणि त्याआधीचे दोन महिने दोघांत बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. बुद्धिबळातलं एक प्यादं!

मास्तर पुस्तकाच्या नियमाने खेळायचे. वजिरापुढचं प्यादं पहिल्याच चालीत दोन घरं. निजामचा खेळ बापाकडून आलेला, देशी. प्यादं एकच घर चालतं, दोन घरं चालेल ते प्यादं नव्हे, चोर! पुष्कळ वर्षं हा वाद गमतीत चालला. मग एक दिवस मास्तरांच्या तोंडून 'अडाणी' निघून गेलं आणि निजामने डाव मोडला. तो शब्द मास्तरांना सुखाने जेवू देत नव्हता. पण आता माफी तरी कुणाकडे मागायची?

"मास्तर, दुपारले तठे सोंगट्या वाजतस," निजामची बायको शहाबानो हळूच म्हणाली. "मी तं हात बी नही लावस."

मास्तरांना भीतीपेक्षा कुतूहलच जास्त. आत सागाच्या भुशाचा वास कोंडलेला. पट मांडून ठेवलेला. ते आपल्या नेहमीच्या बाजूला बसले आणि सवयीने वजिराचं प्यादं दोन घरं सरकवलं. वाट पाहिली. उन्हाने तापलेले पत्रे मधूनच कडकडत होते. बाकी काही नाही.

"बरं भो... तुन्हंच खरं. एकच घर."

त्यांनी प्यादं एक घर मागे ओढलं. डोळे भरून आले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला.

समोरच्या वजिराचं प्यादं पुढे आलं होतं. एक नव्हे, दोन घरं.

निजाम जन्मात असा चालला नव्हता. मास्तरांना हसू फुटलं आणि अंगावर काटाही आला.

"वहिनी... हाई कोनी चालाडं?"

शहाबानो उंबऱ्यातच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्हीच ना, मास्तर... उठनात, तिकडे जाई बसनात, चालनात, नि परत इकडे उनात." तिने निजामच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "पन हासनं... हासनं यास्नं व्हतं."