सासऱ्याच्या नावाचा थेंब

फिनेल संपलं होतं, म्हणून त्या संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर मी पेणच्या बाजारात शिरले. कारखाना म्हणजे गणपतीचा. साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या अंगावर सांध्याची रेघ उठते, ती पॉलिश पेपरने घासून काढायची, हे माझं काम. दिवसभर नाकात पूड आणि रंगाचा वास. तरी माझं नाक मरत नाही. मेलं असतं तर बरं झालं असतं.

"परवाच तर बाटली नेलीत," दुकानदार म्हणाला.

"पावसाळा हाय ना, घरात कुबट वास येतो," मी म्हटलं.

खोटं बोलले. कुबट वास मला कळतो. आमच्या पुढच्या खोलीत येत होता तो हातभट्टीचा वास होता. शिळा, ओकारीचा, बिडीच्या थुंकीत कालवलेला.

निलेश, माझा नवरा, व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आला होता. दारू सुटली होती, पण तिने अजून त्याला सोडलं नव्हतं. हात थरथरायचे, गादी घामाने भिजायची, गुळाचे खडे चघळत राहायचा. दिवेलागणीला तर खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायचा, कारण ती त्याची जुनी वेळ. गटारीला अख्खं गाव ओकून मोकळं झालं आणि हा चहा पिऊन झोपला, तेव्हा मला एवढा अभिमान वाटला की काय सांगू! तरी रोज घरी आले की मी त्याच्यासमोर उभी राहायचे आणि म्हणायचे, "हा करा." तो तोंड उघडून श्वास सोडायचा, मी हुंगायचे. एकदा जरी वास आला तरी मी रोह्याला आईकडे जाईन आणि परत येणार नाही, हे त्याला सांगून ठेवलं होतं. मी बोलते ते करते, हे त्याला ठाऊक होतं.

त्या दिवशी वडखळला रिक्षातून उतरून खाडीच्या बांधाने घरी आले, तर वास दारापर्यंत आला होता. मी पिशवी टाकली.

"हा करा."

त्याने श्वास सोडला. नुसता चहाचा आणि गुळाचा वास.

"नाय पिलो गो," तो म्हणाला. "आईची शपथ."

"मंग ह्यो वास कुठना येतो?"

तो फक्त दाराजवळच्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

त्या कोपऱ्यात माझा सासरा काळुराम मेला. आयुष्यभर मिठागरावर राबला आणि आयुष्यभर प्याला. शेवटी उठवेना, तेव्हा तिथेच प्यायचा, तिथेच ओकायचा, आणि काढायची मी. अंगाखालचं, तोंडाचं, सगळं. तो गेला तेव्हा मला रडू आलं नाही. मी लादी घासायला बसले.

बाप गेल्यावर निलेशने एक रीत धरली. इकडे पुष्कळ जण धरतात. ग्लास भरला की पहिलं बोट दारूत बुडवायचं, गेलेल्याच्या नावाने तीन थेंब जमिनीवर शिंपडायचे, मग आपण प्यायचं. पिणाऱ्याला निमित्त लागतं, याला बापाचं मिळालं. मी रोज लादी पुसायचे, पण ते थेंब मला कधी पुसावे लागले नाहीत. तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

फिनेल पाण्यात ओतत होते तेवढ्यात लाइट गेली. आत सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या. पाऊस थांबला होता आणि ओहोटीच्या चिखलाचा वास घरात शिरत होता. तेव्हा मला तो आवाज आला.

चप... चप...

कुत्रं ताट चाटतं ना, तसा. मला वाटलं कुत्रंच शिरलं. "हाड!" मी ओरडले. आवाज थांबला. आणि मग पुन्हा, आता सावकाश, चवीचवीने... चप... चप...

मी मोबाइलची बॅटरी लावली. कोपरा रिकामा होता. लादीवर मात्र जिभेएवढा रुंद ओला पट्टा होता. कोपऱ्यातून निघून तो खाटेच्या दिशेने आला होता आणि खाटेच्या पायाशी संपला होता. मी फडका टाकून पुसला. फडका उचलला तर त्याला लाळेसारखी तार आली. मी तोंडावर पदर दाबला.

निलेश खाटेवर पाय जवळ ओढून बसला होता.

"तुला पन ऐकू आला?" त्याने हळूच विचारलं. "डॉक्टर बोललेले, सुरवातीला भास होतील. मला वाटला भास हाय."

"कवापासून?"

"घरी आलो तवापासून. दिवे लागले की येतो..." त्याने मनगट माझ्यापुढे धरलं. कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, दिवसभर कपडे धुतल्यावर पडते तशी. "झोपलो की चाटतो, वैशाली. घामात अजून थोडी उरलीय ना... ती पन संपत चाललीय. मंग काय करील तो?"

 मनगट धरावं असंही वाटलं आणि हात पुढेही होईना. एवढी किळस मला माझ्या माणसाची यावी, याचीच मला चीड आली.

"एकदाच शिंपडू दे," तो म्हणाला. "पिनार नाय. नुसता बोट बुडवीन."

नुसतं बोट! भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. एकदा ते बोट ग्लासात बुडालं की जमिनीकडे जाईल की तोंडाकडे, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"पोराच्या हातना नको," मागून सासूबाईंचा आवाज आला. पुतळीबाई फार बोलत नसत. दिवा घेऊन त्या दारात उभ्या होत्या. "तू टाक गो. तुला चव ठावी नाय. तुझ्या हातचा घेल नि जाईल."

"मंग तुमीच टाका ना, आई."

त्यांनी दिवा खाली ठेवला आणि आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माज्या हातचा नको..." एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

मी ऐकणार नव्हते. दारूचा थेंब मी घरात आणणार नव्हते, देव आला तरी. पण पुढच्या काही दिवसांत निलेश जेवेनासा झाला. सकाळी त्याचा गळा ओला असायचा, कानामागची कातडी सोललेली. एकदा मी पाहिलं, तो वडखळच्या दारूच्या दुकानासमोर उभा होता, आत न जाता, पावसात. मी हाक मारली तेव्हा लहान पोरासारखा रडला. हा माणूस आता वाचणार नाही, हे मला तिथे कळलं.

रविवारी दारू सोडलेल्यांची सभा असते, तिला तो पेणला गेला. मी वडखळच्या त्याच दुकानातून दारूची चपटी घेतली. तिथल्या दुकानदाराने मला ओळखलं आणि तो हसला. बाटली फिनेलच्या पिशवीत घालून मी घरी आणली.

दिवेलागणीला कोपऱ्यासमोर बसले. स्टीलच्या वाटीत ओतली. तो वास! माझ्या लग्नाच्या पहिल्या दिवसापासूनचं सगळं त्या वासात होतं. उजव्या हाताचं पहिलं बोट बुडवलं, तोंड फिरवलं, आणि म्हटलं, "घ्या मामा, नि जा. माज्या माणसाला सोडा."

तीन थेंब शिंपडले. जमिनीवर पडल्याचा आवाज झाला नाही. मग माझ्या बोटाला काहीतरी लागलं. गरम, खरखरीत. नखापासून पेरापर्यंत फिरलं, पुन्हा फिरलं, आणि सोडेना. मी किंचाळून हात ओढला. उरलेली गटारात ओतली, हात साबणाने धुतला, मग राखेने, मग फिनेलने.

वास गेला! त्याच रात्री गेला. निलेश पालथा पडून सकाळपर्यंत घोरत होता. हळूहळू त्याच्या हाताची थरथर थांबली, भूक लागायला लागली, गळ्यावरची कातडी भरून आली. मी त्याला "हा करा" म्हणायचं सोडून दिलं. एवढं सुख मला या घरात कधी मिळालं नव्हतं.

मग रेशन आणायला गेले. मशीन माझ्या बोटाचा ठसा घेईना. "बोट ओलं आहे, पुसा," दुकानदार म्हणाला. पुसलं. तरी घेईना. त्याने बोट उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "रेषाच नाहीत. दुसरं लावा." पॉलिश पेपरने झिजलं असेल, असं मी म्हटलं. "तुमच्या सासूबाईंच्या बोटांचंही असंच आहे," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी निलेशने स्वतः चहा केला. लग्नानंतर पहिल्यांदा. कप माझ्या हातात दिला तेव्हा त्याचा हात जराही हलला नाही. आम्ही खाटेवर बसून बोलत होतो, पुढच्या महिन्यात त्याला त्याच्या जुन्या कंपनीत पुन्हा घेणार होते त्याबद्दल. मी हसत होते. हसता हसता माझं बोट चहात बुडालं. चहा वाफाळत होता, पण भाजलं नाही. तीन थेंब जमिनीवर गेले. मग मी कप तोंडाला लावला.

निलेश बोलायचा थांबला.

"काय झाला?" मी विचारलं.

तो उठला आणि माझ्यासमोर, अगदी जवळ येऊन उभा राहिला. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

"वैशाली..." तो म्हणाला. "हा कर."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. मी तोंड उघडलं आणि श्वास सोडला.

तो मागे सरला. त्याच्या चेहऱ्यावर आलेली किळस माझ्या ओळखीची होती, इतकी वर्षं ती माझ्या चेहऱ्यावर होती. मी थेंबभरही प्यायले नव्हते. पण "नाय पिलो, शपथ" हे शब्द मी या घरात इतक्यांदा ऐकले होते की माझ्या तोंडून ते निघेनात.

आत सासूबाईंनी दिवा लावला. निलेशने कोपऱ्यातली फिनेलची बाटली आणि फडका उचलला, आणि माझ्या पायाशी बसून लादी पुसू लागला. चहाचे थेंब तिथे नव्हतेच. फडका उचलला की त्याला तार येत होती.