आठ तासांची देवी

मेसच्या दारात दामूअण्णांचा फळा असे. वर 'आज कोण?' आणि खाली नावं. दर गुरुवारी सकाळी आठला शिकाऊ मनोविकारतज्ज्ञ प्रयोगशाळेतून बाहेर पडत आणि आपापल्या नावापुढे त्या दिवसाचा धर्म लिहीत. त्यावरून अण्णा चूल मांडत. एरवी चार अंडी फस्त करणारे डॉ. बिराजदार एका गुरुवारी जैन झाले आणि मुंग्यांची रांग ओलांडायला नको म्हणून पाऊण तास जिन्यात उभे राहिले. दुपारी चारला श्रद्धा उतरली, सव्वाचारला त्यांनी ऑम्लेट मागितलं. अण्णांनी दिलं, पण आधी मुंग्यांची खुशाली विचारून.

घाटमाथ्यावरच्या त्या महाविद्यालयात आता याचं कुणाला नवल वाटत नसे. पूर्वी मनोविकाराच्या अभ्यासक्रमात धर्मावर दोन व्याख्यानं असत, तीही जेवणानंतरची. रोगी म्हणे, "देवी रुसली आहे," डॉक्टर लिही, "भ्रम," आणि गोळी वाढवी. मग श्रद्धारोपण आलं. माणूस मित्राशी बोलतो तेव्हा 'समोरचा ऐकतो आहे' असं सांगणाऱ्या मेंदूतल्या काही गाठी एका लयीत धडधडतात. भाविक प्रार्थना करतो तेव्हा नेमक्या त्याच गाठी जाग्या होतात. ती लय टोपीने टिपायची, हिला 'छाप' म्हणत, आणि चुंबकीय ठोक्यांनी शिकाऊ डॉक्टरच्या मेंदूत वाजवायची. आठ तासांनी मेंदू आपल्या मूळ लयीवर येतो. तीन वर्षांत सात श्रद्धा घेतल्याशिवाय पदवी नाही.

डॉ. शर्वरी आगलावेच्या सहा झाल्या होत्या. लातूरच्या ज्या घरात ती वाढली तिथे देव्हाऱ्याच्या कोनाड्यात रेडिओ होता. सातवी श्रद्धा तिला खोली नंबर अकरामधून घ्यायची होती.

तिथे भिकाजी गुरव होते. तळकोकणातल्या एका देवीचे पुजारी, वय एकसष्ट. नऊ दिवस अन्नाला शिवले नव्हते. नळी घातली की उपसून काढत. हृदय दमत चाललं होतं. विभागप्रमुख डॉ. नाफडे म्हणाले होते, "औषधाला तीन आठवडे लागतील. त्यांच्याकडे तीन दिवस आहेत."

"काका, तुमच्या श्रद्धेची छाप घेऊ?" शर्वरीने विचारलं.

"म्हंजे माझी देवी चोरून नेतलास?"

"चोरी नाही. शेजारणीने विरजण मागून नेलं तर तुमचं दही कमी होतं का?"

म्हातारा नऊ दिवसांत पहिल्यांदा हसला. "आणि इरजणलेला दूद परत दूद होता, बाय?"

"आमचं होतं. बरोबर चार वाजता."

"मग ता दूदच न्हय," भिकाजी म्हणाले आणि त्यांनी डोकं पुढे केलं.

त्या गुरुवारी आठला ती छाप प्रयोगशाळेत आपल्या डोक्यात वाजवून घेऊन शर्वरी खोलीत परतली, तेव्हा वीज चमकली नाही की घंटा ऐकू आल्या नाहीत. फक्त खोली रिकामी नव्हती. कुणीतरी आधीपासून तिथे बसलेलं होतं आणि शर्वरीला लहानपणापासून ओळखत होतं. उशाच्या टेबलावर भिकाजींच्या सुनेने घरच्या देव्हाऱ्यातून आणून ठेवलेली वीतभर काळी पाषाणमूर्ती होती. तिच्याकडे पाठ करून आपण उभ्या आहोत असं वाटून शर्वरी चटकन बाजूला सरली.

भिकाजींनी ते पाहिलं. नऊ दिवस डॉक्टरांना जे सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं.

त्यांच्या गावात मोठं काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गाऱ्हाणं घालून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. हा कौल. काही महिन्यांपूर्वी, शेजारच्या बाईचं हृदयाचं ऑपरेशन करावं का, म्हणून तिचा नवरा विचारायला आला होता. डावी पाकळी सुटत आली. नवऱ्याचं तोंड बघवेना. भिकाजींनी पाणी लावायचं निमित्त करून ती अंगठ्याने दाबली. उजवी गळली.

"आणि बाई?"

"ठणठणीत आसा! नदीवर कपडे धुता. पण बोलणाऱ्या देवीचा तोंड मी दाबलंय मां? तवापासून ती गप. नऊ दिसांमागे ती बाई धुणा धुताना दिसली, नि गुन्हेगारान जेवूचा कसा ह्या कळना. जेवू काय म्हणान इचारूक होया, पण ह्या हातान कौल लावूचो कसो? आणि इचारल्याशिवाय खाऊ कसो?"

सकाळच्या शर्वरीने त्याला 'अपराधगंड' म्हटलं असतं. आताच्या शर्वरीसाठी त्यांचं म्हणणं खरं होतं.

"मी लावू?"

भिकाजींनी मूर्तीपुढचं जास्वंदीचं फूल तिच्या हातात ठेवलं. "बायकांनी लावूचो नाय म्हणतत. पण आज तूच माझो हात."

जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून तिने खांद्यांवर चिकटवल्या. गाऱ्हाणं तिला कुणी शिकवलं नव्हतं; तिने आपल्या लातुरी मराठीत घातलं. म्हातारा हात जोडून बघत होता. त्याच्या मनगटाची शीर धाग्याएवढी उरली होती.

डावी पाकळी वरून सुटली. अर्धी लोंबली.

देवी बघते आहे, हे शर्वरीला पुरतं ठाऊक होतं. मूर्तीला सावरल्यासारखं करत तिने अंगठा दाबला. उजवी पाकळी टेबलावर पडली.

भिकाजी रडले. मग त्यांनी वाटीभर पेज घेतली, आणि पुन्हा वाटीभर.

चार वाजता खोली रिकामी झाली. टेबलावर एक दगड होता.

आठवड्याने भिकाजी दोन किलो वाढून घरी गेले. निघताना म्हणाले, "देवी बोलूक लागली, बाय. तुझ्यामुळा."

शर्वरी नाफड्यांकडे गेली आणि सगळं सांगितलं.

"अगं, माणूस वाचला. यात पाप कसलं? ती त्यांची छाप होती, उतरली."

"श्रद्धा उतरली, सर. पण दाबला तो माझाच अंगठा."

त्या आठ तासांची आठवण पुसली जाऊ नये, अशी टोपीची रचना नाफड्यांनीच केली होती. पुसली तर शिक्षण कसलं?

"पुन्हा टोपी घाल," ते म्हणाले. "मी परवानगी काढतो. तिची माफी माग."

"ती देईलही. मग चार वाजतील. चारनंतर ती माफी कुणाची?"

पुढच्या गुरुवारी दामूअण्णांनी फळ्यावर पाहिलं. शर्वरीच्या नावापुढे 'कुणीच नाही' असं लिहिलेलं होतं. अण्णा खूश झाले. एक चूल कमी. त्यांनी आमटी-भात, वर तुपाची धार, असं ताट तिच्यापुढे ठेवलं. ते तसंच राहिलं.

"काय हो डॉक्टरीणबाई, तीन दिवस बघतोय. चव नाही?"

"वास छान येतोय."

"भूक नाही?"

"खूप आहे, अण्णा."

"मग उपास कुणाचा? आज तर तुम्ही कुणीच नाही!"

शर्वरी उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहत होती.

"विचारल्याशिवाय कसं खाऊ?" ती शांतपणे म्हणाली. "आणि विचारू कुणाला?"