मान हलवू नकोस

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते गाडीच्या मागच्या काचेतून... आणि बघता क्षणी त्याला जीभ काढून दाखवली.

का, ते सांगते. माझ्या चुलतबहिणीचं, पेत्याचं, लग्न होतं. वरात ट्रोयान शहरातून निघून डोंगरातल्या गावच्या चर्चकडे चालली होती. सगळ्यात पुढे नवरीची गाडी, मग आमची, आणि आमच्या मागे नवऱ्याकडच्यांची लांबलचक रांग. जो तो हॉर्न बडवत होता. आमची गाडी स्तामेन काका चालवत होते, शेजारी गिन्का काकू, आणि मागे मी, मांडीवर लग्नाचा भलामोठा पाव घेऊन. कणकेची फुलं, कणकेची पाखरं, वरून मध! सीटचा पट्टा लावला नव्हता. पावावरची पाखरं मोडली असती ना! आणि खरं सांगू? पट्टा लावला की मागे वळून बघता येत नाही.

मागच्या गाडीत तो होता. एकटाच. पांढरा शर्ट, छातीवर लाल रिबीन, आणि हॉर्न असा वाजवत होता जणू फक्त मलाच बोलावतोय. म्हणून जीभ. त्याने छातीवर हात ठेवून घायाळ झाल्याचं नाटक केलं. मी पाव उचलला आणि त्यातलं एक पाखरू खाल्ल्याची नक्कल केली. तो हसला... असा हसला की बंद काचेतूनही त्याचं हसणं ऐकू आल्यासारखं वाटलं.

वळणापलीकडे गावातल्या पोरांनी रस्त्यावर दोरी ताणली होती. आमच्याकडे हे चालतंच, वरात अडवायची आणि मिठाई घेतल्याशिवाय सोडायची नाही. नवरीची गाडी थांबली. काकांनी ब्रेक दाबला.

तो मात्र अजून माझ्याकडेच बघत होता.

धाड!

चादर झटकावी तशी माझी मान झटकली गेली. मागे... मग पुढे. पाव कुठे उडाला कुणास ठाऊक. काचा खळखळल्या, काकू किंचाळल्या, आणि मग सगळं इतकं शांत झालं की मला रस्त्याकडेच्या आलुबुखाराच्या बागेतल्या मधमाश्या ऐकू आल्या.

“मी ठीक आहे!” मी ओरडले. आणि खरंच ठीक होते! रक्त नाही, खरचटणं नाही. उलट अंगात कसलीतरी वीज संचारल्यासारखं झालं होतं. दार उघडून उतरले, हसले, स्कर्टवरच्या काचा झटकल्या, चार पावलं चालले सुद्धा.

मग बोटांना मुंग्या आल्या. मी गवतात बसणार, तेवढ्यात —

“बसू नकोस! आडवी हो, सरळ! आणि मान हलवू नकोस!”

तोच. धावत आला, मला हळूच गवतावर निजवलं, माझ्या डोक्यामागे गुडघे टेकले आणि दोन्ही तळवे माझ्या कानांवर ठेवले. घट्ट नाही, पण असे की डोकं तसूभर सरकणार नाही. त्याचा चेहरा मला उलटा दिसत होता. वर हनुवटी, खाली डोळे. तपकिरी, आणि घाबरलेले.

“११२ ला फोन लावा कुणीतरी!” तो ओरडला. मग मला म्हणाला, “नाव काय तुझं?”

“आधी गाडी ठोकतोस, मग नाव विचारतोस?”

“उलट क्रमाने केलं असतं तर बरं झालं असतं, मान्य.”

“झोर्नित्सा.”

“मी यावोर. पायाची बोटं हलव बघू, झोर्नित्सा.”

हलली. त्याने इतका मोठा श्वास सोडला की माझ्या कपाळावरची बट उडाली.

तोवर सगळी वरात भोवती जमली होती. गिन्का काकू आलुबुखाराच्या दारूची बाटली घेऊन पुढे आल्या. “बाळा, एक घोट घे. भीती उतरेल.”

“काही पाजू नका,” यावोर म्हणाला. “ऑपरेशन करावं लागलं तर?”

“ऑपरेशन!” काकूंनी छातीवर तीनदा क्रूसाची खूण केली. “अरे पोरगी चालत होती आत्ता! हसत होती!”

“म्हणूनच तर, काकू. धक्का बसला की दुखणं नंतर कळतं.”

स्तामेन काका आले. माझे काका म्हणजे लाकूड कापण्याच्या गिरणीचे मालक, हातही फळीसारखे. “हात काढ आमच्या पोरीवरून,” ते म्हणाले. “ठोकणारा तूच ना? उठव तिला. गाडीत बसवतो, चर्चमध्ये जरा टेकेल.”

“उठवू नका, काका. मानेला लागलं असेल.”

“मला शिकवतोस?”

“हो,” यावोर म्हणाला. आवाज चिरकला त्याचा, पण म्हणाला.

काकांनी त्याच्या थोबाडीत मारली.

मी श्वास रोखला. फटका इतका जोरात होता की बागेतून पाखरं उडाली... पण माझ्या कानांवरचे हात? जागचे हलले नाहीत. केसभर सुद्धा! त्याचा गाल लाल होत गेला, डोळ्यांत पाणी भरलं, आणि तो मला म्हणाला, “बोलत राहा. शाळेत कितवीला आहेस?”

“अकरावीला,” मी पुटपुटले. मला रडू यायला लागलं होतं. “काका, नका ना...”

काकांनी दुसरी मारली. कानाखाली.

हात तसेच.

आणि गंमत बघा... मुंग्या आलेली बोटं, भर दुपारचं ऊन, पाठीखाली टोचणारे खडे, सगळं असताना त्याच क्षणी मला कळलं की मी गेले. म्हणजे मेले नाही. दुसऱ्या अर्थाने गेले!

“वरातीने रस्त्यात ताटकळायचं नसतं,” नवऱ्याची आजी मागून करवादली. “आणि दवाखाना तर मागे, ट्रोयानला! आल्या वाटेने मागे फिरलेली वरात कुणाला लाभली आहे? घाला पोरीला गाडीत आणि चला पुढे.”

दोनतीन काका लोक खरोखरच पुढे वाकले. कुणीतरी माझे पाय धरले. यावोरचे तळवे घामाने ओले झाले. चारचौघांनी ओढलं असतं तर तो एकटा काय करणार होता? “नका... प्लीज नका...” तो विनवत होता, आणि हात मात्र सोडत नव्हता.

तेवढ्यात पांढऱ्या कापडाची लाट आली. पेत्या! एवढा महागाचा झगा गोळा करून माझी बहीण सरळ माझ्या पायाशी धुळीत बसली.

“अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी इथून हलत नाही,” ती म्हणाली. “नवरीशिवाय वरात न्यायची असेल तर खुशाल न्या.”

माझे पाय सुटले. नवरदेवाने मुकाट्याने कोट काढला आणि माझ्या अंगावर पांघरला.

अॅम्ब्युलन्स आली, मागोमाग पोलीस आले. मला मानेभोवती कडक पट्टा घातला, फळीला बांधलं, आणि तेव्हा कुठे यावोरने हात काढले. पोलीसकाकांनी त्याला विचारलं, “काय रे, समोर बघत नव्हतास?”

“नव्हतो. चूक माझीच.”

“मग कुठे बघत होतास?”

त्याच्याआधी मीच सांगितलं, फळीवरून, आभाळाकडे बघत, “माझ्याकडे.”

“आणि तू?”

“मी त्याच्याकडे. जीभ काढून. पट्टा न लावता.”

गिन्का काकूंनी माझ्यासाठी आणलेली बाटली उघडली आणि स्वतःच एक मोठा घोट घेतला.

दवाखान्यात मानेचे एक्स-रे काढले. संध्याकाळ होत आली तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. स्तामेन काका माझ्या खाटेशी उभे होते. मला फक्त छत दिसत होतं, काकांच्या श्वासावरून ते कुठे आहेत ते कळायचं.

“मानेच्या मणक्याला तडा आहे,” बाई म्हणाल्या. “पण हाड सरकलेलं नाही. पट्टा काही आठवडे राहील, मग ही धावेल. हिला उठवून गाडीत कोंबलं असतं तर... डोकं कुणी धरून ठेवलं होतं?”

काकांचा श्वास थांबला. खरंच थांबला! मग त्यांच्या बुटांचा आवाज बाहेर गेला, जिथे यावोर बसून होता. मला बघता येईना. कान टवकारून पडून राहिले. आता तिसरी बसते की काय? पण बाहेर नुसती शांतता... मग कुणीतरी नाक शिंकरलं. मोठ्ठ्याने. असं नाक आमच्या घरात एकच माणूस शिंकरतो.

“चल आत,” काकांचा घोगरा आवाज. “अरे तिथे नाही, इथे उभा राहा. तिला दिसशील असा.”

छताच्या जागी तो आला. या वेळी सुलटा. एक कान वांग्यासारखा सुजलेला.

“मी गाडी चालवायला नुकताच शिकलो,” तो घाईघाईने म्हणाला, “परवान्यासाठी प्रथमोपचारही शिकवतात. त्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झालो होतो. बाहुलीला खांद्यावर टाकून पळालो म्हणून.”

“नशीब माझं, नापास झालास!”

“झोर्नित्सा...” तो घुटमळला. काकांकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. “पट्टा निघाला की... माझ्याबरोबर नदीकाठी फिरायला येशील? पायी. गाडी नाही. शपथ.”

आता पंचाईत! आमच्याकडे मुली अशा वेळी तोंडाने काही बोलत नाहीत. मान जराशी डावी-उजवीकडे हलवायची, तेच आमचं ‘हो’. मग मान खाली, आणि पळून जायचं. मला ना मान हलवता येत होती, ना खाली घालता, ना पळता. वर तो, बाजूला काका, पलीकडच्या खाटांवर कान देऊन पडलेल्या तीन आज्या...

“हो,” मी म्हणाले.

“काय?” तो म्हणाला. सुजलेला कान माझ्याकडे होता बिचाऱ्याचा!

“हो! येईन! हो म्हणतेय मी!”

वॉर्ड दणाणला. दारातून नर्सने डोकं घातलं. स्तामेन काका खोकले, आणि खिडकीबाहेर फारच महत्त्वाचं काहीतरी असल्यासारखे तिकडे बघत राहिले.

“ऐकलं आम्ही सगळ्यांनी,” पलीकडच्या खाटेवरची आजी म्हणाली. “आता बस रे पोरा तिच्यापाशी, उभा राहून उजेड अडवू नकोस.”