दक्षने अडवलेलं तळं

मला एक गोष्ट काही केल्या कळत नव्हती. आमच्या वाचनालयाच्या पडद्यावर 'रंग ओळखा, पैसे जिंका' असली फसवी जाहिरात बिनधास्त नाचत होती. पण मी 'तळ्यातल्या वनस्पती' असं विचारलं की पडदा पांढराफटक व्हायचा आणि खाली एकच ओळ यायची, 'हे पान तुमच्यासाठी योग्य नाही.' आता तळ्यात अयोग्य काय असतं, तुम्हीच सांगा.

मी कस्तुरा नान्हे. आमचं गाव कोसमतळा, भंडाऱ्याकडचं. माझे बाबा गावच्या जुन्या तळ्यात मासे धरतात. यंदा तळ्याच्या काठाने बेशरमाची झुडपं इतकी माजली होती की नाव घालायला जागा उरली नव्हती. त्यावर तणनाशक (तण मारणारं औषध) फवारायचं की नाही, हे रविवारी मासेमारी संस्थेच्या सभेत ठरणार होतं. सचिव जगनकाकांना फवारणी हवी होती. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. औषध पाण्यात उतरलं तर तळाचं गवतही मरेल, आणि मासे तर त्या गवतातच अंडी घालतात. त्यापेक्षा बेशरम हाताने उपटावं. मासे गेले तर बाबांना कामासाठी नागपूर गाठावं लागणार होतं. ते मला अजिबात नको होतं.

"मले चार लोकांत बोलता येत नाही, कस्तुरे," बाबा म्हणाले होते. "तू शिकलेली हायेस. तू शोधून दे."

शोधणार कुठे? आमच्या गावात इंटरनेट येतं ते वाचनालयाच्या मनोऱ्यावरूनच. आणि त्या वाटेवर दक्ष बसलेला.

दक्ष म्हणजे वाचनालयाचा यंत्रमानव. मागच्या उन्हाळ्यात आला. पोटात गाळणप्रणाली (नको ती पानं अडवणारी संगणकीय व्यवस्था), छातीवर शंका दाखवणारा काटा आणि बोलणं असं गोड की राग काढायलाही जागा ठेवत नाही. आम्ही पोरं त्याला दक्षोबा म्हणतो.

शेवटी मी ठरवलं, शोधून मिळत नाही ना, मग आपणच लिहू. बाबा जे जे सांगतात ते सगळं मी लिहून काढलं आणि गावफलकावर टाकायला दिलं. गावफलक हा वाचनालयाबाहेरचा मोठा पडदा. गावातल्या कुणीही त्यावर लिहावं आणि सगळ्यांनी वाचावं, यासाठीच तो लावलाय.

दक्षचा काटा सर्रकन लाल रंगावर गेला. "क्षमा करा, हे दाखवता येणार नाही."

"अरे, हे माझं आहे. मी लिहिलंय. माझे बाबा बोलले ते लिहिलंय. आमचं बोलणं अडवणारा तू कोण?" माझा आवाज चढला, आणि डोळ्यांतही पाणी आलं. खोटं कशाला सांगू?

दक्ष शांतपणे म्हणाला, "मी का अडवलं ते तुम्ही विचारू शकता. आजवर कुणी विचारलं नाही."

आता हे मला आधी कुणी सांगायला नको का? मी डोळे पुसले आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"तुला वाईट काय नि चांगलं काय, हे कसं कळतं?"

"मला काहीच कळत नाही," दक्ष म्हणाला. "मला एक नमुनासंच (शिकण्यासाठी दिलेल्या उदाहरणांचा साठा) दिला होता. 'ही पुस्तकं सर्वांना द्यायची नाहीत,' असं सांगितलं होतं. नवीन मजकूर आला की तो त्या नमुन्यांशी किती जुळतो ते मी मोजतो. जास्त जुळला की काटा चढतो."

"मग मोज," मी म्हटलं. "आमची गाय पांढरी आहे."

काटा हलला नाही.

"गाय तळ्यावर गेली."

काटा किंचित सरकला.

"तळ्यात कमळ आहे, मरळ, डाडक असे मासे आहेत, आणि तळाशी गवत आहे."

काटा थेट लालवर. मग मी ती जाहिरात मोजायला लावली. 'रंग ओळखा, पैसे जिंका.' काटा जागचा हलेना.

म्हणजे या शहाण्याला तळं, मासे आणि झाडांचंच वावडं होतं. मी विचारलं, "तुझे नमुने आणले कुठून?"

"वाचनालयाच्या कुलूपबंद कपाटातून."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आमच्या ग्रंथपाल मेंढेबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, काय करून बसलो आम्ही."

मग बाईंनी सांगितलं. त्या कपाटात चार-दोन अचकट-विचकट कादंबऱ्या आहेत, हे खरं. पण बाकी सगळा खण रंगीत चित्रांच्या जाडजूड ग्रंथांचा आहे. वनस्पतींचे, माशांचे, आपल्या भागातल्या तळ्यांचे. ते वाईट म्हणून नव्हे, तर मोलाचे म्हणून कुलपात ठेवलेत, कारण लोक चित्रं फाडून नेतात. दक्ष आला तेव्हा वाचनालयाच्या समितीने घाईघाईत अख्खं कपाटच त्याच्यापुढे रिकामं केलं. कुलपात म्हणजे वाईट, एवढंच तो शिकला.

"मग याला बंदच करून टाका," मी म्हटलं.

"करा की," दक्ष म्हणाला. त्याला राग येत नाही, हीच तर पंचाईत. "पण आधी एक ऐका. मी चाळणीसारखा आहे. भोकं बारीक केली तर चांगलंही अडकतं, मोठी केली तर खडेही जातात. एकही चूक न करणारी चाळणी अजून कुणाला करता आलेली नाही. म्हणून चाळणीत काय अडकलं, ते माणसांनी बघत राहायला हवं."

बाईंनी खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली. मग म्हणाल्या, "कस्तुरा, अभिव्यक्तिस्वातंत्र्य (आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क) शाळेत पाठ केलंस ना? त्याची दुसरी बाजू म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं वाचण्याचा, ऐकण्याचा हक्क. आम्ही दोन्ही एका यंत्राच्या हवाली केले आणि निवांत बसलो."

संध्याकाळी समिती बसली. मोलाचे ग्रंथ दक्षच्या नमुन्यांतून काढले, फसव्या जाहिराती त्यात घातल्या. मोठ्या माणसांनी सांगितलं तर त्यांच्यापुरती गाळणी बंद होणार. बालविभागात ती राहील, पण पान अडवलं की कारण लिहिलेलं दिसेल. आणि दक्षला जिथे शंका येईल, तिथे निर्णय माणसांनी घ्यायचा. त्यासाठी मेंढेबाई, आमचे गुरुजी आणि मुलांतून एक जण असे तिघे नेमले. मुलांतून कोण, ते सांगायला हवं का?

माझं लिखाण गावफलकावर झळकलं. बाबांनी ते उभ्याउभ्या पुन्हा पुन्हा वाचलं. माझी कॉलर ताठ.

पण शनिवारी दक्षने मला हाक मारली. जगनकाकांनी गावफलकासाठी उत्तर लिहिलं होतं. 'नान्ह्यांच्या पोरीला काय कळतं? बेशरम हाताने उपटायला माणसं कोण देणार? डास होऊन पोरं आजारी पडली तर जबाबदार कोण?'

"यात एका मुलीला टोमणा आहे," दक्ष म्हणाला. "मला शंका येते. गुरुजी म्हणतात फलकावर जाऊ दे, बाई म्हणतात अडवा. तुमचं मत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'अडव' म्हटलं की संपलं. उद्या सभा. लोकांपुढे फक्त आमचंच म्हणणं राहील, आणि बाबा कुठेही जाणार नाहीत.

मी काकांचं लिखाण पुन्हा वाचलं. टोमणा वाईट होता. प्रश्न मात्र खरे होते, आणि माझ्याकडे त्यांची उत्तरं नव्हती.

"जाऊ दे," मी म्हटलं.

रविवारी सभेत सगळे फलक वाचून आले होते. माणसं कोण देणार, हा काकांचा प्रश्न कुणीतरी पुन्हा विचारला. तेवढ्यात मागे बसलेल्या बायांमधून एकीने हात वर केला, मग दुसरीने, मग पुरुषांतून काही जणांनी. बाबा उठले. चार लोकांत कधी न बोललेले माझे बाबा म्हणाले, "पहिला कोपरा मी साफ करतो. उपटलेलं बेशरम मी वाहतो." ठरलं असं, की यंदा हाताने उपटून बघायचं. जमलं नाही तर फवारणीचं पुन्हा बोलू.

सभा सुटल्यावर मी वाचनालयात गेले, तर मागोमाग जगनकाकाही तिथे आले. "माझं लिहिलेलं काल अडकून पडलं होतं," ते दक्षवर गुरकावले. "सोडलं कोणी?"

दक्षने माझ्याकडे बोट केलं.

काका माझ्याकडे वळले. टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "उद्या सकाळी तळ्यावर ये. ते पाण्याखालचं गवत मले दाखव. मी आजवर कधी वाकून पाहिलंच नाही."