पावाच्या गाडीच्या तेलातलं पाणी

दिवा थोडा जवळ ओढा. गोष्ट भुताची आहे, पण सुरुवात अगदी साधी आहे. भर दुपारची वेळ, आणि एका गाडीचं बोनेट उघडायचं होतं.

कानमिस्त्री आपल्या थोरल्या बहिणीकडे गाडी बघायला निघाला होता. त्याला कानमिस्त्री म्हणायचे ते उगाच नाही. बाकीचे इंजिन बघतात, हा ऐकायचा. डोळे मिटून, मान तिरकी करून बोनेटपाशी असा उभा राहायचा, की वाटावं गाडी त्याच्या कानात घरातली भांडणं सांगतेय. चाळीस वर्षं हाच धंदा. शाळा नाही, कागद नाही, पण कानाने कधी दगा दिला नव्हता.

ताईच्या घरी आनंदीआनंद होता. डोंगरापलीकडच्या शहरात, दवाखान्यात, तिच्या लेकीला मुलगी झाली होती. जावई बोटीवर नोकरीला, तो काही लवकर यायचा नाही. तेव्हा उद्या अकराला बाळ-बाळंतिणीला घरी आणायचं काम या दोघा म्हाताऱ्यांवर आलं. आणि ताईने पक्कं ठरवलं होतं, की बाळ येईल ते दाजींच्या गाडीतूनच.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. दहा महिन्यांपूर्वी गेले. जन्मभर त्यांनी पावाची गाडी चालवली. पहाटे पाचला उठायचे, दोन मिनिटं इंजिन गरम करायचे आणि दुकानोदुकानी पाव पोचवायला निघायचे. लेकीचं लग्न झाल्यापासून एकच घोकणं, "माझं नातवंड पहिल्यांदा घरी येईल ते माझ्या गाडीतून." पण नातवंड येणार हे कळायच्या आतच बिचारे गेले.

"किल्ली घे," ताई म्हणाली, "आणि लवकर बघ. मला मागे गादी अंथरायचीय."

"अगं, दहा महिने उभी आहे गाडी. बॅटरी मेली असेल, टायर बसले असतील. आधी मला जरा..."

बोलता बोलता त्याने किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. जणू कालच कुणी बंद केली होती.

ताईने टाळी वाजवली. कानमिस्त्रीने मात्र वाजवली नाही. दहा महिने उभी राहिलेली गाडी अशी उठत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने ती बंद केली, बोनेट उघडलं, तेल घालायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून बघितलं.

झाकणाच्या आत पांढरी साय धरली होती. बोट फिरवलं तर दाट, फेसाळ, दुधावर येते तशी.

त्याचं तोंड उतरलं.

"काय झालं रे?"

"ताई, तवा दे तुझा."

"तवा? आत्ता तुला भूक लागली?"

"दे तर."

स्टोव्ह पेटवून त्याने तवा चांगला तापवला, तेल मोजायच्या पट्टीला लागलेला एक थेंब त्यावर सोडला आणि कान खाली नेला. चांगलं तेल तव्यावर नुसतं पसरतं, आवाज करत नाही. हा थेंब मात्र चट... चट... चट करत बोलायला लागला.

"तेलात पाणी आहे," तो म्हणाला.

"आणि माझ्या तव्यात तेल आहे. त्याचं काय?"

तो हसला नाही. मग त्याने तिला सावकाश समजावलं. इंजिनच्या तेलात पाणी दोन वाटांनी येतं. एक वाट वाईट. आतलं सांधा बंद ठेवणारं गॅस्केट फाटलं किंवा लोखंडाला तडा गेला, की रेडिएटरचं पाणी तेलात उतरतं. तशी गाडी डोंगर चढायला लागली, की मधल्या वळणावर इंजिन जाम होणार, आणि मागे चार दिवसांचं बाळ. दुसरी वाट गरिबाची. गाडी रोज थोडी थोडी चालू करून लगेच बंद केली, की ती पुरती तापत नाही. मग आतल्या आत तिला घाम फुटतो, आणि तो घाम तेलात मुरतो. त्याला औषध सोपं. तासभर चालवून चांगली तापवायची, पाणी वाफ होऊन निघून जातं.

"मग दुसरीच वाट असेल," ताई म्हणाली.

त्याने रेडिएटर बघितला. पाणी काठोकाठ, वर तेलाचा तवंग नाही. गाडी पाच मिनिटं चालू ठेवून बघितली. पाण्यात बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. सगळी लक्षणं दुसऱ्या वाटेकडेच बोट दाखवत होती. पण त्या वाटेने कुणीतरी चालायला तर हवं!

"गाडी रोज कोण चालू करतं, ताई?"

"कोण करणार? किल्ली माझ्या उशाखाली. आणि मला तर साधी सायकलसुद्धा येत नाही."

"नीट आठव. कुणी माणूस रोज दोन मिनिटं ही चालवत असेल, तर गाडी ठणठणीत आहे. कुणीच चालवत नसेल, तर आत कुठेतरी तडा आहे आणि तो मला दिसत नाही. मग मी बाळाला या गाडीत बसू देणार नाही. तू रड नाहीतर ओरड."

ताईचे डोळे भरून आले. इतक्यात कुंपणापलीकडून शेजारच्या शिंपीबुवांनी मान वर काढली. सगळं ऐकत उभे होते, दुसरं काय.

"मी बोलू का? आजीबाई गाडी शिकतायत, हे मला कधीचं माहीत आहे."

"कोण शिकतंय?"

"रोज पहाटे पाचला गाडी चालू होते. माझा चहा उकळेपर्यंत चालते, मग बंद. मी बायकोला म्हटलंसुद्धा, बघ, या वयात हौस बघ!"

दाजी गेल्यापासून ताई झोपेची गोळी घेऊन झोपायची, तिला उजाडल्याशिवाय जाग यायची नाही. तिने भावाकडे बघितलं. भावाने पेट्रोलच्या काट्याकडे बघितलं. शेवटच्या आजारपणाआधी दाजींनी टाकी काठोकाठ भरली होती, ते त्याने स्वतः बघितलं होतं. आता काटा चांगलाच खाली आला होता.

"मी इथेच झोपतो आज," तो म्हणाला. "किल्ली माझ्याकडे राहील."

पहाटे पावणेपाचला दोघं कंदील घेऊन, दार सताड उघडं ठेवून गाडीच्या खोलीत बसली. बाहेर धुकं दाटलं होतं, कुत्रंही भुंकत नव्हतं. ताई स्टुलावर, कानमिस्त्री जुन्या टायरवर. किल्ली त्याच्या खिशात, वरून मूठ घट्ट. कंदिलाच्या उजेडात गाडीचे दिवे दोन म्हाताऱ्या डोळ्यांसारखे दिसत होते.

"थंडी वाजतेय?" ताई कुजबुजली.

"नाही. तुला?"

"मग तुझे दात कसले वाजतायत?"

आधी वास आला. ताज्या पावाचा. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या, अजून वाफ निघणाऱ्या पावाचा. दहा महिन्यांत त्या गाडीत पावाचा चुराही पडला नव्हता. मग सीटची स्प्रिंग करकरली... जड माणूस बसावा तशी. मग कुणीतरी घसा खाकरला, अगदी हळू...

आणि गाडी चालू झाली.

किल्ली कानमिस्त्रीच्या मुठीतच होती. तिचे दाते तळहाताला रुतत होते. तरी त्याचा कान आपलं काम सोडेना. इंजिन सुरेख वाजत होतं. आणि पायाने हळूच दाबून हळूच सोडायची ती ढब... ती साऱ्या जगात एकाच माणसाची होती.

दोन मिनिटं झाली. इंजिन बंद पडलं.

कानमिस्त्रीने हळूच ताईकडे बघितलं. ती घाबरली असेल, असं त्याला वाटलं होतं. ताई केस सारखे करत होती.

"अहो..." ती म्हणाली.

लोखंड निवताना टक... टक... करतं, तेवढंच.

"अहो, उठून गाडी गरम करता आणि तशीच बंद करता? दहा महिने हेच चाललंय? तेलात पाणी झालंय तुमच्या!"

"ताई, हळू..." कानमिस्त्री पुटपुटला.

"हळू कशाला? चाळीस वर्षं हळूच बोलले." मग तिचा आवाज ओला झाला. "कुठे जायचं ते कळत नाही ना तुम्हाला? पाव नाहीत, दुकानं नाहीत. म्हणून बंद करता ना?"

सीट पुन्हा एकदा करकरली.

"आज जायचंय, ऐका. लेकीकडे जायचंय. तुम्ही गेलात आणि मागोमाग तिला दिवस गेले. नात झालीय तुम्हाला! नाक अगदी तुमचं. चार दिवसांची आहे, आणि घरी यायला गाडीची वाट बघतेय."

किती वेळ गेला कोण जाणे. श्वास रोखून बसलेल्या माणसाला वेळ मोजता येत नाही.

मग इंजिन चालू झालं. गुरगुरत नाही, धडधडत नाही, तर एखाद्याने छाती भरून हसावं तसं. आणि हॉर्न वाजला, एकदा, दोनदा, तीनदा. पलीकडे शिंपीबुवांच्या घरात कपबशी फुटल्याचा आवाज आला.

यावेळी गाडी दोन मिनिटांनी थांबली नाही. पुरता तासभर चालली. तेलाच्या तोंडातून वाफेची बारीक दोरी वर चढत राहिली, छताला लागून विरत राहिली. ताई हात जोडून नाही, हात शेकत बसली होती. उजाडलं, धुकं निवळलं, तेव्हा गाडी आपणहून थांबली.

कानमिस्त्रीने तवा तापवला. थेंब सोडला. कान खाली नेला.

तेल गुपचूप पसरलं.

"बोलत नाही," तो म्हणाला, आणि त्याला हसू आणि रडू एकदमच आलं. तरीसुद्धा त्याने तेल बदललंच. बाळ बसणार होतं, बाबा.

निघताना ड्रायव्हरच्या दाराशी तो घुटमळला. मग खाली वाकून, अदबीने म्हणाला, "दाजी, जरा सरका."

सीट ऊबदार होती.

डोंगर त्यांनी असा ओलांडला, की वळणं कधी आली आणि गेली ते कळलं नाही. येताना बाळ आईच्या कुशीत झोपलं होतं, ताई सारखी मागे वळून बघत होती, आणि कानमिस्त्री चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्टिअरिंगवर बेसूर गात होता. त्या गाण्यात मधे मधे आणखी कुणीतरी बेसूर सूर लावतंय, असं त्याच्या कानाला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, अजून पुरतं फटफटलंही नसेल, कानमिस्त्री ताईकडे चहाला आला. पहिल्यांदा तो गाडीच्या खोलीत गेला. बोनेटवर हात ठेवला. थंडगार. आज पाचला कुणी ती चालू केली नव्हती. त्याला बरंही वाटलं आणि वाईटही.

घरात ताई आणि लेक गाढ झोपल्या होत्या. नवा पाळणा मात्र हलत होता, संथ, एका लयीत. खिडक्या बंद होत्या, वारा नव्हता, पण ताज्या पावाचा वास होता.

तो पाळण्यापाशी गेला. बाळ जागं होतं आणि न रडता वर बघत होतं. त्याची इवलीशी मूठ हवेत उचललेली होती. पण ती घट्ट मिटलेली नव्हती. चारी बोटं गोल वळली होती, आणि मधे एका जाड बोटापुरती जागा होती.

कानमिस्त्रीने आपलं बोट त्या जागेत घालून बघितलं.

जाईना.