जुलैतलं कॉलेज

नोव्हेंबर लागला की त्या फिनिश गावात दुपारीच अंधारून येतं. तूलिक्की कॉलेजच्या एका खोलीत खुर्ची टाकून बसली होती आणि चाचणीला आलेल्या पोरांच्या डोळ्यांवर काळे जाडजूड चष्मे चढवत होती. चष्मा लावला की बसल्या जागी सगळं कॉलेज फिरून होई. पोरांना हे पसंत पडलं, की वसंतात तूलिक्कीची नोकरी संपणार होती. कारण नव्या पोरांना कॉलेज दाखवत हिंडणं हीच तिची नोकरी. आयुष्य त्यात गेलं, गुडघे त्यात गेले. आता ती इतकी थकली होती की वाईट वाटून घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

"कसं वाटलं?" तिनं पहिल्या मुलाला विचारलं.

"बरं आहे. त्या बाई छान आहेत."

"कुठल्या बाई?"

"बरोबर चालतात त्या."

तिनं हसण्यावारी नेलं. चित्रीकरण जुलैत झालं होतं, आणि जुलैत अख्खा देश तळ्याकाठच्या घरात जाऊन पडतो. कॉलेजात चिटपाखरू नसतं. कुणाची लुडबुड नको म्हणून तिच्या साहेबानं, इल्पोनं, मुद्दाम तोच महिना धरला होता. आता रिकामं कॉलेज बघून पोरं नाकं मुरडतील, अशी त्याला धास्ती होती. तूलिक्कीला मनातून तेवढीच आशा होती.

पण पुढची मुलगीही बाईंबद्दलच बोलली. उगाच बडबड करत नाहीत, हे तिला फार आवडलं होतं. त्यानंतरचा मुलगा म्हणाला, त्या जिन्यात जरा थांबतात, कठडा धरतात.

"इल्पो, तू कुणाला घातलंयस का रे त्यात?"

"वेड लागलंय का तुला? कुणाला घालणार? सगळे सुट्टीवर होते!" इल्पो भलताच खुशीत होता. "पोरांना आवडलंय ना? मग कशाला फाटे फोडतेस? जा, कॉफी घे."

शेवटी साइमी नावाची मुलगी राहिली. चष्मा काढून ती तूलिक्कीकडे बघतच बसली.

"काय गं?"

"त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय. म्हणाल्या, तिला सांग, दमलीस तू. इकडे ये, बस जरा. तिकडचं मी बघते."

तूलिक्कीच्या अंगावर काटा आला. पण त्याहून जास्त राग आला. तिनं साइमीच्या हातातला चष्मा ओढून घेतला आणि डोळ्यांवर चढवला.

लांबलचक व्हरांडा. खिडक्यांतून जुलैचं ऊन. कुणी नाही.

ती जिना चढली. वरही कुणी नाही. तापलेल्या लाकडाचा वास येत होता.

मग कुठून तरी, जाड भिंतीपलीकडून यावा तसा, साइमीचा आवाज आला. "येते मी. थँक यू हं."

"सांभाळून जा गं. बाहेर निसरडं झालंय."

आवाज तूलिक्कीचाच होता. चांगला ताजातवाना.

"पुरे झालं," ती पुटपुटली आणि चष्मा काढायला तिनं हात वर नेले.

हाताला नुसते केस लागले.